साबण, शाम्पू आणि त्यांतील घटक

अंगाचा आणि केसांचा मळ काढण्यासाठी वापरायच्या वस्तूंत नेमके काय आहे हे ओळखणे आणि तशा दोन वस्तू एकमेकींशी ताडून पाहणे, हा या नोंदीचा विषय आहे. साबणाची वडी, शाम्पू, बॉडी वॉश, फेसवॉश, शिकेकाई, रिठा, उटणे ही सगळी त्यात येतात. नाशिकच्या घरात यांतल्या तीन-चार गोष्टी एकाच न्हाणीघरात सापडतात: कोनाड्यात रोजची वडी, खिडकीत शाम्पूच्या पुड्या, आजीच्या डब्यात शिकेकाईची पूड आणि दिवाळीतले उरलेले उटणे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला कडुनिंब, कोरफड, केशर, बदाम यांची चित्रे असतात. वस्तूचा खरा गुण मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतो. मळ काढणारा घटक कोणता, त्याचा पीएच (आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) किती आणि तो कोणत्या पाण्यात वापरायचा आहे, एवढे कळले की बराचसा निकाल लागतो.

मळ निघतो कसा : मळ म्हणजे धूळ, घाम, मेलेल्या पेशी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने चिकट मळ सुटत नाही. सर्फॅक्टंट, म्हणजे पृष्ठक्रियाकारी पदार्थ, इथे मध्यस्थी करतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढतात आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. फेस हा या कामाचा सोबती आहे, मोजमाप नव्हे. फेस कमी आला म्हणजे मळ निघाला नाही, ही समजूत चुकीची आहे.

साबणाची वडी : तेलाची कॉस्टिक सोड्याशी अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. पाकिटावर हेच निराळ्या नावांनी लिहिलेले असते. सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा साबण, सोडियम पाम कर्नेलेट म्हणजे पामच्या बियांच्या तेलाचा, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल तेलाचा. खोबरेलाचा साबण झटकन आणि भरपूर फेसाळतो, पण एकटा वापरला तर त्वचा ओढल्यासारखी वाटते. पामचा साबण वडीला कठीणपणा देतो. म्हणून बहुतेक वड्यांत दोन्हींचे मिश्रण असते.

भारतीय मानकांनुसार 'टॉयलेट सोप' आणि 'बेदिंग बार' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाकिटावरचा टीएफएम हा आकडा वडीत एकूण स्निग्धाम्ले किती टक्के आहेत ते सांगतो. टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत तो किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६० लागतो. बेदिंग बारला ४० टक्के पुरतात. दुकानाच्या काउंटरवर दोन वड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एक १२५ ग्रॅमची, टीएफएम ७६. दुसरी १५० ग्रॅमची, टीएफएम ६०. हाताला दुसरी जड लागते, पण गुणाकार केला तर पहिलीत ९५ ग्रॅम स्निग्धाम्ले निघतात आणि दुसरीत ९०. उरलेल्या वजनात पाणी, मीठ, वासाचे द्रव्य आणि पुष्कळदा टाल्कसारखी भर असते. भर जास्त असलेली वडी ओल्या साबणदाणीत लवकर गळते. किंमत ताडताना रुपयांना वडीच्या वजनाने न भागता स्निग्धाम्लांच्या ग्रॅमने भागावे.

मात्र टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्य, असे नाही. साबण पहिल्या प्रतीचा असो वा तिसऱ्या, त्याचा पीएच साधारण ९ ते १०च्या घरात असतो, तर त्वचेचा पृष्ठभाग ४.५ ते ५.५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. निरोगी त्वचा काही तासांत पूर्वपदावर येते. ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे त्यांना निफाडच्या थंडीत साबण लावल्यावर अंग उलते, नडग्यांवर पांढरे ओरखडे दिसतात, ते याच कारणाने. घरगुती पद्धतीने केलेल्या हातसाबणाचा टीएफएम पुष्कळदा कारखान्यातल्या साबणापेक्षा कमी भरतो. त्यात ग्लिसरीन वडीतच राहते आणि थोडे तेल मुद्दाम साबण न होऊ देता ठेवलेले असते. अशा वडीला केवळ आकड्यावरून कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

पाण्याचा प्रश्न : नाशिकमध्ये हा भाग सोडून तुलना करताच येत नाही. शहराला मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचे पाणी मिळते. त्याच्या जोडीला अनेक सोसायट्यांत बोअर असते, आणि उन्हाळ्यात टँकर येतो. काळ्या बेसाल्ट खडकात मुरलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, त्यामुळे बोअरचे पाणी सहसा जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. अंघोळीला ६००चे पाणी फार त्रासदायक ठरते. साबण या क्षारांशी जुळून न विरघळणारा पांढरा साका तयार करतो. बादलीच्या काठावरची खरखरीत रेघ, नळाखालच्या फरशीवरचा पांढरा थर आणि न्हाल्यानंतर केसांना येणारा चिकट राठपणा हा त्या साक्याचाच प्रताप.

हे घरी तपासता येते. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्याव्यात. एकीत नळाचे, दुसरीत बोअरचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. दोन्हींत चाकूने खरवडलेला साबण चिमूटभर टाकून सारख्याच जोराने हलवावे. हलक्या पाण्याच्या बाटलीत फेस वरपर्यंत चढतो आणि टिकतो, खालचे पाणी बऱ्यापैकी निवळ राहते. जड पाण्याच्या बाटलीत फेस लगेच बसतो, पाणी ताकासारखे गढूळ होते आणि वर कणकण तरंगतात. त्याच पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून पाहावा, फेस येतो. शाम्पूतले सर्फॅक्टंट क्षारांशी साबणासारखा साका धरत नाहीत. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्याने केसांना वडी लावू नये, हे यावरून निर्धास्तपणे सांगता येते. घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए दिसले तर ते क्षारांना बांधून ठेवण्यासाठी घातलेले असते. अशा घरात ते उपयोगी पडते.

शाम्पू आणि द्रव साबण : 'शाम्पू' हा इंग्रजीत गेलेला शब्द मुळात आपल्याकडच्या 'चांपणे', 'चंपी' याच कुळातला आहे. आजच्या बहुतेक शाम्पूंत पाण्यानंतरचा दुसरा घटक सोडियम लॉरेथ सल्फेट असतो. त्याचा भाऊ सोडियम लॉरिल सल्फेट अधिक तीव्र. त्वचेच्या चाचण्यांत मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल तेव्हा त्याचेच प्रमाणित द्रावण वापरतात. त्याने कर्करोग होतो हा समज मात्र निराधार आहे. या दोघांना कोकामिडोप्रोपिल बीटेनची जोड दिली की दाह कमी होतो. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड आणि सोडियम कोकोइल आयसेथियोनेट ही सौम्य मंडळी. यांतला शेवटचा घटक 'सिंडेट' वडीचा पाया असतो. ती दिसते साबणासारखी, पण साबण नसते आणि तिचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. केसांच्या शाम्पूत पॉलिक्वाटर्नियम किंवा ग्वारपासून केलेले धनभारित घटकही घालतात. केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने ते त्याला चिकटतात आणि गुंता कमी होतो.

यादी वाचण्याची रीत : भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने. ही रेघ छापलेली नसते, तरी शोधता येते. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारे द्रव्य, एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आले ते एक टक्का किंवा त्याहूनही कमी. कोरफडीचा रस, गुलाबाचा अर्क, बदाम तेल ही नावे पुष्कळदा इथेच सापडतात. दोन बाटल्यांची तुलना करायची तर पहिली पाच नावे शेजारी शेजारी लिहावीत. ती सारखी निघाली, तर किमतीतला फरक वासाचा आणि बाटलीचा असण्याची शक्यता मोठी.

'मुक्त' असे लिहिलेल्या मालाबाबत जास्त सावध राहावे लागते. सल्फेटमुक्त शाम्पूत कधी सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असते. ते सल्फेट नाही हे खरे, पण तेल काढण्यात सल्फेटच्या तोडीचे आहे. पॅराबेन या परिरक्षकांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. लोकांच्या भीतीपोटी अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरे परिरक्षक वापरायला सुरुवात केली आणि त्याची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला २०१३चा 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले. युरोपीय संघाने पुढे अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद केले आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत ०.००१५ टक्क्यांची मर्यादा घातली. मानेवर, कानामागे, पापण्यांवर खाज सुटत असेल तर शाम्पूच्या यादीत हे नाव आधी शोधावे. जंतुनाशक साबणांतले ट्रायक्लोसान अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतून वगळायला लावले. साध्या साबण-पाण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा उत्पादकांना दाखवता आला नव्हता.

शिकेकाई, रिठा, उटणे : पंचवटीत आणि जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा सुटे मिळतात, आणि दिवाळीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची नैसर्गिक फेसाळ द्रव्ये असतात. म्हणजे इथे वनस्पती नावापुरती नसते. मळ काढणारा घटक तीच असते. शिकेकाईचे पाणी आम्लधर्मी असते आणि सॅपोनिन जड पाण्यात साका धरत नाही, म्हणून विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पिढ्यांना शिकेकाई मानवली यात नवल नाही. रिठा जास्त तेल खेचतो. सराफ चांदीचे दागिने उजळायला तो वापरतात, आणि पैठणीसारखे रेशीमही त्याच्या पाण्यात धुण्याची जुनी रीत आहे. केसांना मात्र तो शिकेकाईपेक्षा कमी घ्यावा. दोन्ही डोळ्यांत गेले की चांगलेच झोंबतात.

कृती सोपी आहे. रिठ्याच्या काळ्या बिया काढून साली घ्याव्यात, त्यांच्या दुप्पट शिकेकाई आणि मूठभर आवळकाठी रात्री भिजत घालून सकाळी मंद आचेवर उकळावे, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळावे. शेंगांचे तुकडे राहिले तर ते केसांत अडकून दिवसभर गळतात, म्हणून फडके दुहेरी घ्यावे. पाणी तपकिरी, किंचित बुळबुळीत आणि आंबूस वासाचे होते. उटण्याचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते. अभ्यंगाचे तेल अंगावर असताना डाळीचे पीठ आणि चंदन-वाळ्याची पूड ते शोषून घेते आणि चोळण्याने मेलेल्या पेशी निघतात. भरड उटणे चेहऱ्यावर किंवा पुरळ आलेल्या त्वचेवर घासू नये.

शिकेकाईचे गाळलेले पाणी दोन दिवसांत आंबते, कारण त्यात परिरक्षक नसते. बाटलीतला शिकेकाई शाम्पू दोन वर्षे टिकतो. त्याची मागची बाजू वाचली तर पुष्कळदा क्रम असा दिसतो: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, मीठ, वासाचे द्रव्य, फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्याच्यानंतर शिकेकाईचा अर्क.