मान कुठल्या पायावर खाली जाते? कुत्र्यांच्या फिजिओथेरपीत यायचंय त्यांच्यासाठी

आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे, यंदा बारावीला, मागच्या महिन्यात लिफ्टमधे भेटली आणि एकदम म्हणाली, ताई मला पण तुमच्यासारखं कुत्र्यांचं फिजिओ व्हायचंय, त्यासाठी काय करावं लागतं? मी म्हटलं शनिवारी सकाळी नवी मुंबईत नेरुळला क्लिनिकवर ये, आधी बघ, मग बोलू. मी मुळात माणसांची फिजिओ, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी केलेली, ठाण्यात काही वर्षं गुडघे आणि फ्रोझन शोल्डर केले, आणि आता एका व्हेट डॉक्टरांच्या हाताखाली कुत्र्यांचं काम करते. त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो.

शनिवारी पहिलाच पेशंट लॅब्रेडॉर, आठ वर्षांचा, पुढच्या पायाने लंगडत होता. त्याला घेऊन आलेल्या काकांना सांगितलं याला पॅसेजमधे सावकाश चालवत न्या आणि परत आणा, आणि हिला विचारलं, कुठला पाय दुखतोय सांग. तिने तीनदा बघितलं अगदी मन लावून आणि म्हणाली, डावा, कारण डावा टेकला की मान खाली जाते त्याची. बहुतेक सगळे हेच उत्तर देतात. दुखत होता उजवा. कुत्र्याचं डोकं आणि मान चांगलं वजनदार असतं, दुखरा पाय जमिनीवर टेकायची वेळ आली की तो मान वर उचलून तेवढा भार त्या पायावरून काढून घेतो, आणि चांगला पाय टेकला की निवांतपणे मान खाली सोडतो. म्हणजे मान खाली जाते तो पाय धडधाकट. मागच्या पायाचं बघायचं तर मागे उभं राहून कंबर बघावी लागते, दुखऱ्या बाजूचा खुबा जास्त वरखाली होताना दिसतो.

या कामाची खरी सुरुवात इथे आहे असं मला वाटतं. माणूस सांगतो इथे दुखतंय, जिना चढताना दुखतं, रात्री ठणकतं. कुत्रा काहीच सांगत नाही, उलट दुखणं लपवतो, आणि घरचे म्हणतात वय झालं म्हणून मंद झालाय. गाडीत उडी मारायचा ती बंद झाली, बसताना एक मांडी बाहेर टाकून बसतो, एकच मनगट सारखं चाटतो, हे सगळं दुखणं असू शकतं, वय नव्हे.

शरीररचना पण नव्याने शिकावी लागते. कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो त्याला लोक गुडघा समजतात, तो घोटा आहे, गुडघा वर पोटाजवळ असतो. कुत्रा कायम बोटांवर चालतो. उभा असताना साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर आणि 40 टक्के मागच्यांवर असतं, त्यामुळे मागे काही दुखलं की तो आणखी पुढे झुकतो, मग खांदे आखडतात आणि मांड्या बारीक होत जातात. मी मांडीचा घेर शिंप्याच्या साध्या टेपने मोजते, दर वेळी त्याच जागी, कारण डोळ्याला फरक कळायच्या आधी टेपला कळतो. सांधा किती वाकतो ते कोनमापकाने बघायचं. निरोगी लॅब्रेडॉरचा गुडघा साधारण 42 अंशांपर्यंत दुमडतो आणि 162 पर्यंत उघडतो, हे आकडे पाठ लागतात.

त्या दिवशीची दुसरी पेशंट डॅशहुंड होती, म्हणजे ती लांब पाठीची आणि आखूड पायांची जात, सीवूड्सची. मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले, ऑपरेशन होऊन काही आठवडे झालेले. तिला पोटाखाली टॉवेलचा आधार देऊन उभी केली आणि मागचा एक पंजा हळूच उलटा करून ठेवला, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. हिने तसाच ठेवला, एक, दोन, तीन सेकंद, मग अगदी सावकाश ओढून सरळ केला. तिच्या मालकीण काकूंच्या डोळ्यात पाणी आलं, कारण आदल्या आठवड्यात ती पंजा तसाच सोडून देत होती. पाय कुठे आहे, कसा पडलाय हे न बघता मेंदूला कळतं, त्या जाणिवेचे निरोप मज्जारज्जूतून वर जातात, आणि कण्यावर दाब आला की अनेकदा हे निरोप सगळ्यात आधी बिघडतात.

डॅशहुंडमधेच हे इतकं का होतं? दोन मणक्यांमधे जी गादी असते तिचा मधला भाग जेलीसारखा असायला हवा, या जातीत तो वर्षा-दोन वर्षांतच सुकून खडूसारखा व्हायला लागतो आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना गादी फुटून तो माल वर मज्जारज्जूवर आपटतो. 2009 मधे आखूड पायांचं कारण सापडलं, एफजीएफ4 या जनुकाची एक जास्तीची कॉपी, आणि 2017 मधे तशीच दुसरी कॉपी सापडली जिचा गादी लवकर सुकण्याशी थेट संबंध आहे. म्हणजे ज्या आखूड पायांमुळे तो गोंडस दिसतो त्याच भानगडीचं हे दुसरं टोक.

आणि आता जे सांगते ते मला आजही थक्क करतं. 1911 मधे थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की चालण्याचा ठेका, हा पाय पुढे तो मागे, हा मेंदूकडून हुकूम आला नाही तरी मज्जारज्जू स्वतः तयार करू शकतो. म्हणजे पाठीच्या खालच्या भागात चालण्याचं एक यंत्र मुळातच बसवलेलं आहे. म्हणून आम्ही पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला ट्रेडमिलवर उभं करून हाताने एकेक पाय टाकायला लावतो, पुन्हा पुन्हा, पट्टा सरकला की पाय मागे खेचला जातो आणि तो ताण त्या यंत्राला जागं करतो. मेंदूशी संपर्क पूर्ण तुटलेली काही कुत्रीसुद्धा महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने अशी चालायला लागतात, डौल नसतो, वळताना पडतात, पण चालतात. सगळी नाही चालत. घरच्यांना दोन्ही सांगावं लागतं.

पाण्यातल्या ट्रेडमिलचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. काचेची पेटी, कोमट पाणी, खाली सरकता पट्टा. पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर साधारण 91 टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत असेल तर 85, आणि खुब्यापर्यंत भरलं की फक्त 38. म्हणजे 30 किलोचा लॅब्रेडॉर पाण्यात जेमतेम साडेअकरा किलोचा होतो आणि दुखरे सांधे घेऊन व्यवस्थित पावलं टाकतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, दाब आला-गेला की स्पंजसारखा द्रव आत-बाहेर होतो. म्हणून संधिवात झालेल्या कुत्र्याला नुसतं झोपवून ठेवलं तर सांधा आणखी खराब होतो. मात्र गादी नुकतीच सरकली असेल तर गोष्ट उलट, तिथे आधी कडक विश्रांती, आणि कोणी प्रेमाने पाठ चोळून दिली तर नुकसान होऊ शकतं. कधी हात लावायचा नाही हे कळणं हा या कामातला मोठा भाग आहे.

हे मी अनुभवाने सांगते. नवीन असताना एका पॉमेरेनियनचा ऑपरेशन झालेला पाय मी माणसाच्या गुडघ्यासारखा शेवटच्या टोकापर्यंत ताणायला गेले आणि तो चावला. त्याआधी त्याने दोनदा ओठ चाटले होते, जांभई दिली होती, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला होता, म्हणजे त्याच्या परीने तीन वेळा नको म्हणाला होता आणि माझं लक्ष कोनमापकावर. चूक संपूर्ण माझी. तेव्हापासून मी हात पायावर आणि डोळे तोंडावर ठेवते.

आपल्याकडच्या घरांचं एक वेगळंच प्रकरण आहे. घणसोली म्हणा, घोडबंदर रोड म्हणा, प्रत्येक फ्लॅटमधे चकचकीत गुळगुळीत टाईल्स. म्हातारा किंवा ऑपरेशन झालेला कुत्रा उठताना मागचे पाय फाकतात, पुन्हा पुन्हा तेच, आणि क्लिनिकमधे तासभर केलेलं काम घरी दोन मिनिटांत पाण्यात. माझा पहिला सल्ला औषधाचा नसतोच, जुन्या योगा मॅट आणा आणि पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत रस्ता करा, पंज्यांमधले केस कापा, नखं वाढू देऊ नका. पावसाळ्यात लॉबी ओली असते तेव्हा तर फारच जपा. आणि एप्रिल-मे मधे व्यायाम सकाळी लवकर, कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही, पगसारख्या चपट्या नाकाच्यांचं तर अजिबात नाही.

आता तिचा मूळ प्रश्न. बारावीत पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल आणि मन पक्कं असेल तर मी म्हणेन आधी व्हेटच हो. नीट ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग बीव्हीएससी ही पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरलं की मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज, 1886 पासूनचं, शिवाय शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आहेतच, सगळी नागपूरच्या माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. पुढे सर्जरीत एमव्हीएससी केलं तर हाडं आणि मणके जवळून बघायला मिळतात. हा रस्ता लांब आहे, पण निदान तुम्ही करता, औषध तुम्ही देता, कोणावर अवलंबून नाही.

दुसरा रस्ता माझा, बीपीटी करून इकडे वळायचं. हातांना सवय असते, व्यायाम कसा वाढवत न्यायचा हे कळतं, पण एक गोष्ट स्पष्ट पाहिजे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर वैद्यकीय उपचाराची प्रॅक्टिस नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची. त्यामुळे आम्ही व्हेटच्या निदानावर आणि देखरेखीखाली काम करतो, स्वतंत्र बोर्ड लावून बसत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण लंगडणाऱ्या कुत्र्याला हाडाचा कॅन्सर पण असू शकतो आणि ते मला हाताने कळणार नाही. अमेरिकेत व्हेट लोकांसाठी हे काम स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून 2010 मधे मान्य झाली. टेनेसी युनिव्हर्सिटीचा या कामाचा सर्टिफिकेट कोर्स व्हेट आणि फिजिओ दोघांनाही खुला आहे, फी डॉलरमधे असते म्हणून आधी इथे एखाद्या व्हेटकडे वर्षभर काम करून बघा आणि मग पैसे घाला.

आणि अंगमेहनतीचं आधीच सांगते. दिवसभर जमिनीवर बसून काम, 35 किलोचा जर्मन शेफर्ड उचलायचा, कपडे कायम ओले आणि केसाळ. शनिवारी ती पण दुपारपर्यंत माझ्याबरोबर फरशीवरच बसली होती, टॉवेल धरून.

परवा रात्री तिचा मेसेज आला, सोसायटीच्या गेटवर जो तपकिरी कुत्रा असतो, वॉचमन काकांचा लाडका, त्याचा स्लो मोशन व्हिडिओ. खाली लिहिलेलं, ताई, उजवा टेकला की मान खाली, म्हणजे डावा पुढचा ना? मी दोनदा बघितला. बरोबर होतं. मी लिहिलं, हो डावाच, आता उद्या उजेडात मागून पण घे, आणि पंजाच्या गादीत काही रुतलंय का ते वॉचमन काकांना धरायला सांगून बघ.