कोल्हापूरच्या गाड्या आणि ‘ग्रिपचे’ टायर : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या दुकानात ‘ग्रिपचा टायर’ म्हणून जो मागितला जातो, तो युरोपच्या कॅटलॉगात परफॉर्मन्स समर टायर असतो. तिकडे पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्याचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळ्यात तो उतरवून दुसरा संच चढवतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे हा टायर इथे बारा महिने चालतो. त्याचा कस लागतो तो मात्र जुलैत. शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाचपट किंवा अधिक. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली हे सगळे घाट दोन-तीन तासांच्या आत. इथल्या चालकांना चांगल्या टायरची ओढ वेगापेक्षा या ओल्या वळणांनी लावली.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. अँबेसेडरला ५.९०-१५ आणि पद्मिनीला ५.२०-१४ मापाचे, ट्यूबवाले क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदून रचलेले) टायर असायचे. गोटा म्हणजे गुळगुळीत झाले की रिमोल्ड करून, म्हणजे वर नवं रबर चढवून, पुन्हा वापरायचे. रेडियलचं (यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात) पेटंट फ्रान्समध्ये १९४६ सालचं, पण आपल्याकडच्या कारमध्ये तो सर्रास दिसायला १९९० चं दशक उजाडलं. पुढे पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला. बेळगाव आणि पुणे या दोन्ही दिशांना ताशी १०० ने सलग गाडी हाकता येऊ लागली आणि कंपनीने दिलेल्या टायरची मर्यादा लोकांना पहिल्यांदा कळली.

टायर बदलण्याची हौस खरी सुरू झाली ती २००५ च्या स्विफ्टपासून. वरच्या मॉडेलला १८५/७० आर १४ हे माप होतं, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची (प्रोफाइल) रुंदीच्या ७० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि रिम १४ इंची. त्याचा एकूण व्यास ६१४.६ मिलिमीटर भरतो आणि १९५/६० आर १५ चा ६१५. म्हणजे मॅगव्हील (मिश्रधातूचं चाक) एक इंचाने मोठं घ्यायचं, टायरची बाजू कमी उंचीची घ्यायची आणि स्पीडोमीटर जवळपास जसाच्या तसा ठेवायचा. हे गणित गॅरेजवाल्यांना तोंडपाठ झालं. नंतरच्या १८५/६५ आर १५ वाल्यांसाठी (६२१.५) १९५/५५ आर १६ (६२०.९) तितकंच चपखल बसलं. जर्मन फोक्सवॅगनच्या पोलोचं मात्र जमेना. १८५/६० आर १५ चा व्यास ६०३, त्यामुळे १९५/५५ आर १६ घातला की तो तीन टक्क्यांनी वाढतो.

या काळातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ टायरमध्ये नव्हतं, बसवण्यात होतं. बाजारातल्या मॅगचं मधलं भोक मोठं असतं. स्विफ्टचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) ५४.१ मिलिमीटरचा, पोलोचा ५७.१ चा. मधली फट भरणारी हब-रिंग न घालता नुसत्या बोल्टवर चाक आवळलं, तर ते मध्यावर बसत नाही आणि ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग तीनतीनदा बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही, आणि दोष महागड्या टायरला लागतो. जर्मन गाड्यांच्या बोल्टची बैठक गोल असते, बाजारी मॅगची बहुधा शंकूच्या आकाराची. जुनेच बोल्ट वापरले तर ते कडेवरच टेकतात आणि काही दिवसांत सैल होतात. बोल्ट मॅगला साजेसे घ्यावेत, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पोलोला १२० न्यूटन-मीटरवर आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. एअर गनने आवळलेला बोल्ट किती आवळला गेला, हे गन मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

२०१० च्या दशकात बाहेरचे टायर सहज मिळत. २००९ साली निघालेल्या गुणवत्ता आदेशाने कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. मुदतवाढी घेत तो लागू झाला आणि परदेशी कारखान्यांनीही प्रमाणपत्रं मिळवली. त्यानंतर थायलंड, जपान, युरोपातून आलेला माल पुण्या-मुंबईच्या वितरकांमार्फत दोन-चार दिवसांत कोल्हापुरात पोचू लागला. टायरच्या बाजूवरचा ट्रेडवेअरचा (नक्षी किती टिकेल याचा) आकडा वाचायची सवय याच काळात लागली. २०० ते ३०० म्हणजे मऊ आणि चिकट, ४०० च्या वर म्हणजे टिकाऊ, हा ढोबळ नियम. अमेरिकेतली ही पद्धत एका प्रमाण टायरला १०० धरून चालते, पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी, दोन कंपन्यांमध्ये फारसा नाही. प्रत्यक्षात ३०० च्या आतला टायर इथल्या रस्त्यांवर २५ ते ३५ हजार किलोमीटर देतो. सिमेंटच्या रस्त्यावर रोजचं येणं-जाणं असेल तर त्याहून कमी.

मग केंद्र सरकारची १२ जून २०२० ची अधिसूचना आली. आजच्या बाजाराचं चित्र समजून घ्यायचं तर या एका निर्णयापाशी थांबावंच लागतं.

अधिसूचनेने कार, बस, ट्रक, स्कूटर, मोटारसायकल, अगदी सायकलच्याही नव्या टायरची आयात ‘मुक्त’ गटातून काढून ‘प्रतिबंधित’ गटात टाकली. प्रतिबंधित म्हणजे बंदी नव्हे. आयातदाराने परवाना मागायचा, तो मिळाला तर माल आणायचा. पण दुकानात ही बातमी ‘फॉरेनचे टायर बंद’ अशीच पोचली. तिच्यासोबत दुसरा समज आला तो गलवानचा. चीनला धडा शिकवायला टायर अडवले, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. गलवानची चकमक १५ जूनच्या रात्रीची, म्हणजे अधिसूचनेनंतर तीन दिवसांनी. स्वस्त आयातीविरुद्ध देशी उत्पादकांची ओरड त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

निर्णयाच्या बाजूने मुद्दे होते आणि ते फालतू नव्हते. देशात क्षमता आहे, कारखाने विस्तारायला बाजाराची हमी हवी, स्वस्त मालाने ती जाते. पुढच्या काही वर्षांत १५, १६ आणि १७ इंची मापांत इथे बनलेले चांगले पर्याय वाढले, त्यात युरोपीय नावांचेही होते. हे श्रेय निर्णयाला द्यावं लागेल.

अडचण वरच्या मापांची झाली. टायरच्या प्रत्येक मापाला आणि प्रत्येक नक्षीला वेगळा साचा लागतो. २२५/४० आर १८ सारखं माप देशभरात इतकं कमी खपतं की त्यासाठी साचा पाडणं कारखान्याला सहसा परवडत नाही. म्हणजे ज्या मापांत देशी उत्पादकाचं फारसं बुडत नव्हतं, तीही त्याच परवान्याच्या रांगेत उभी राहिली. स्वस्त मालासाठी लावलेल्या नियमात सुक्याबरोबर ओलंही जळलं. मापागणिक वेगळा विचार पहिल्याच दिवशी करता आला असता.

पुढची दोन-तीन वर्षं चालकांनी काय केलं, यातून बऱ्याच गोष्टी दिसतात. काहींनी जुना साठा शोधला. बेळगाव, पुणे, बंगळूरच्या गोदामांतून २०१८-१९ चे टायर वाढीव भावाने निघाले. टायरच्या बाजूवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे पाहावेत. ४८१८ म्हणजे २०१८ चा ४८ वा आठवडा. अंधाऱ्या, थंड गोदामात पडून राहिलेला तीन वर्षांचा टायर सहसा चालतो. पत्र्याच्या शेडखाली राहिलेला चालत नाही. मऊपणा देणारी तेलं उडून जातात, रबर घट्ट होतं, नक्षी नवीकोरी दिसते आणि पकड गेलेली असते. ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं उपकरण) टेकवला की ते कळतं, फक्त तो दुकानात क्वचितच असतो. नखाने दाबून अंदाज घेणं आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा पाहणं एवढंच हाती उरतं.

काहींनी चारऐवजी दोनच टायर घेतले आणि तिथे जुनी चूक झाली. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून नवे टायर पुढे चढवले. ओल्या वळणावर मागचे झिजलेले टायर आधी पकड सोडतात, गाडी मागून फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही. पुढची चाकं सुटली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती बहुधा परत धरतात. म्हणून नवी जोडी मागेच घालायची. तिसऱ्या गटाने माप खाली आणलं, १८ चे मॅग काढून १७ चे घातले. दिसायला मार खाल्ला, पण खड्ड्यांच्या हिशेबाने तोच शहाणपणाचा सौदा ठरला.

खड्ड्यांचा हिशेब असा. ४० किंवा ४५ च्या प्रोफाइलला रिम आणि रस्ता यांच्यात ९-१० सेंटिमीटरचंच रबर उरतं. खड्ड्याच्या कडेवर ते चिमटलं की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बाद. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांनी आणि रत्नागिरी मार्गाच्या कामाने असे फुगे भरपूर दिले. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला, तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंड्याकडे वळली आणि अरुंद रस्त्यांच्या तुटक्या कडांनी त्यात भर घातली. ‘एक्सएल’ शिक्क्याचा टायर जास्त वजन पेलतो, पण ते वजन पेलायला त्यात हवाही थोडी जास्त लागते. जुन्याच दाबावर तो चालवला तर फायदा निम्मा होतो.

पंक्चरचं कारण कोल्हापुरात वेगळं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या रस्त्यांवर लेथची लोखंडी बर (कातकामातून निघालेले धारदार तुकडे) पडलेली असते. मऊ रबर ती लवकर धरतं आणि फिरता फिरता आत घेतं. हवा एकदम जात नाही, आठवड्याला ३-४ पीएसआय उतरते. महामार्गावर धावणाऱ्या टायरला बाहेरून दोरी कोंबणं ही तात्पुरती सोय. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात दांडा आणि आत टोपी बसणारा रबरी तुकडा) लावावा, तोही छिद्र नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरच्या आत असेल तरच.

हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातली काळी माती डांबरावर आणतात. पहाटेच्या दवाने तिचा चिखल होतो. त्यावर कोणताही समर टायर काही कामाचा नाही. रबर कितीही चिकट असलं तरी ते रस्त्याला टेकतच नाही. महागडा टायर घेतल्यावरच्या निराशेचे अनेक अनुभव या मोसमातले असतात.

उलट साचलेल्या पाण्यावर फरक ठळक दिसतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत विमानाच्या टायरवर झालेल्या चाचण्यांतून एक सूत्र निघालं : टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग, नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), हवेच्या पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट. ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ ला ८३. नक्षी पाणी बाहेर फेकू शकत नाही त्या अवस्थेचा, म्हणजे गोटा झालेल्या टायरचा, हा आकडा. खोल खाचा तो वर ढकलतात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण पावसासाठी ३ च्या खाली गेलेला टायर मे अखेरीस बदललेला बरा. दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी पाहावा. दर ५-६ अंशांमागे साधारण १ पीएसआय फरक पडतो. दुपारी महामार्गावरून उतरून पंपावर ३३ भरला, तर पहाटे तो २९-३० दिसतो.

अलीकडचे दोन बदल किमतीशी आणि निवडीशी संबंधित आहेत. एआयएस-१४२ या भारतीय मानकाने रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा रोध), ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान मर्यादा आणल्या. नव्या डिझाइनना १ ऑक्टोबर २०२२ पासून, आधीच्यांना १ एप्रिल २०२३ पासून, आवाजाची अट त्यानंतर. पण ही परीक्षा पास-नापासची आहे. कोणता टायर किती गुणांनी पुढे, हे गिऱ्हाइकाला त्यातून कळत नाही. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते, ती इथल्या टायरवर असती तर घाटात जाणाऱ्याला उपयोग झाला असता. दुसरा बदल कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ १०,००० रुपयांच्या टायरला आधी १२,८०० पडत, आता ११,८००, म्हणजे चार टायरच्या संचात ४,००० रुपये वाचतात. हब-रिंग, योग्य बोल्ट, नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट एवढ्यात बसतं.