बुबुळाचा एक मिलिमीटर

चतुर्थी चार-पाच दिवसांवर आली की तळकोकणातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, बोलणे आपोआप कमी होते, कारण तेव्हा डोळ्यांची आखणी सुरू झालेली असते. घरोघरचे पाट ओळीने मांडलेले असतात, त्यांवरच्या मूर्तींचे अंग रंगवून वाळलेले असते, पितांबराचा काठ आणि मुकुटही पूर्ण झालेला असतो. तरीही त्यांच्यासमोरून जाताना आपल्याकडे कोणी बघते आहे असे वाटत नाही. मग मूर्तिकार बारीक कुंचला घेतो, पांढऱ्यावर काळे बुबुळ टेकवतो, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो, आणि शाडूची ती मूर्ती बघू लागते. मातीत यामुळे फारसे काही बदललेले नसते. बदल होतो तो पाहणाऱ्याच्या मेंदूत.

पांढऱ्यावर काळे ही जोडी त्यासाठी फार महत्त्वाची आहे. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली माकडे, वानरे आणि माणूस यांच्या डोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. इतर बहुतेक जातींत बुबुळाभोवतीचा भाग गडद असतो, माणसात मात्र तो पांढरा असतो आणि बराचसा उघडा दिसतो. त्यामुळे समोरचा माणूस कुठे पाहतो आहे हे आपल्याला लांबूनही कळते. ही ओढ किती मुळातली आहे हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले: अवघ्या दोन ते पाच दिवसांची बाळे नजर वळवलेल्या चेहऱ्यापेक्षा थेट आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली.

आखणी इतकी अवघड का, हे साध्या हिशेबातून समजते. माणसाच्या नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो. त्यावर बुबुळ एक मिलिमीटर सरकले तर नजर जवळजवळ ५ अंशांनी वळते, आणि दोन मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचताना ती सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला गेलेली असते; म्हणजे डोळ्याला डोळा भिडण्याऐवजी ती कानाजवळून निघून जाते. घरगुती मूर्तीचा डोळा याहून पुष्कळ लहान, म्हणून तिथे केसभर चूकही जास्त भोवते. आमच्या वाडीतल्या शाळेतले काका आखणी झाली की मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि काही वेळ नुसते बघत राहतात, कारण पूजेला बसणारा तेवढ्याच उंचीवरून पाहणार असतो. बुबुळाचा वरचा भाग ते पापणीखाली थोडा झाकतात, त्यामुळे नजर खाली उतरते. बुबुळावरचा पांढरा ठिपका अगदी शेवटी येतो, आणि तो आला की डोळा ओलसर दिसतो.

मात्र नजरेची दिशा एकटे बुबुळ ठरवत नाही. पॅलेडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्ये शोधणारे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वोलॅस्टन यांनी १८२४ साली एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. चित्रातल्या डोळ्यांना हात न लावता त्यांनी केवळ नाक आणि चेहऱ्याचा खालचा भाग वेगळ्या दिशेला वळलेला जोडला, तर तेच डोळे दुसरीकडे पाहू लागले. मेंदू डोळे आणि चेहरा यांचा मेळ घालूनच दिशा काढतो. म्हणून सोंडेचे वळण आणि मानेचा कल बघितल्याशिवाय काका कुंचला उचलत नाहीत, ते मला फार योग्य वाटते.

भिंतीवरच्या तसबिरीतला देव खोलीभर आपल्याकडे बघत राहतो, याचेही उत्तर इथेच आहे. कागद सपाट असतो. आपण कुठेही उभे राहिलो तरी बुबुळ, पापणी आणि नाक यांची एकमेकांशी असलेली जागा बदलत नाही. मूर्तीला खोली असते. आपण बाजूला सरकलो की एक गाल जास्त दिसतो, दुसरा डोळा सोंडेआड जाऊ लागतो, आणि नजर आपल्यावरून सुटते. आरतीला दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला ती पुढ्यात बसलेल्याकडेच लागलेली दिसते.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवत गाऊन कथा सांगण्याच्या कलेत, नजरेचे काम निराळे आहे. तिथे रामायण-महाभारतातल्या पात्रांचे चेहरे बहुतेक बाजूने काढलेले असतात आणि मोठे टपोरे डोळे प्रेक्षकाकडे न बघता चित्रातल्या चित्रातच एकमेकांकडे बघत असतात. दुसऱ्याची नजर जिकडे वळते तिकडे आपले लक्षही आपसूक जाते, आणि त्या नजरेचा काही उपयोग नाही असे आधी सांगून ठेवले तरी जाते, हे १९९८ सालच्या प्रयोगांत दिसून आले आहे. पोथीतले एक चित्र समोर धरून कथेकरी गाऊ लागला की ऐकणारा एका पात्राच्या डोळ्यावरून दुसऱ्या पात्राकडे जातो, तिथून पुन्हा पहिल्याकडे येतो, आणि तोवर चित्र बदललेले असते.