गाय मागण्यामागचं गणित

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 चा मुंबईचा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. पहिल्यांदा सापडलेल्या माणसाला त्याखाली तीन वर्षांपर्यंत, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवता येतं. ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बहुतेक कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. यावर चर्चा निघाली की कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘मागायची सवय लागली की समाज आळशी होतो.’ मला हे अजिबात पटत नाही. मागण्यावरच ज्यांचं जगणं तगून आहे असे कष्टाळू समाज जगात आहेत, आणि ते का तगतात याचं सुरेख गणित आहे.

केनियातले मसाई गुरं पाळतात. त्यांच्यात ‘ओसोतुआ’ नावाचं नातं जोडलं जातं. खरी गरज असेल तेव्हाच आणि गरजेपुरतंच मागायचं, हा एक नियम. मागितलं की द्यायचं, पण स्वतःचं घर अडचणीत येणार नसेल तर, हा दुसरा. दिलेल्याचा हिशेब ठेवायचा नाही. हे नातं मुलांकडेही वारशाने जातं. उसनवारीची वेगळी पद्धत मसाईंकडे आहेच. ओसोतुआत मात्र परतफेडीची अपेक्षाच नसते. मानवशास्त्रज्ञ ली क्रॉंक यांनी या नात्याचा बारकाईने अभ्यास केला आणि अथेना अक्टिपिस यांच्यासोबत त्याचं संगणकावर प्रारूप उभारलं.

समजा, एका कुटुंबाकडे 70 गुरं आहेत आणि पोट भरायला किमान 64 लागतात. दुष्काळ, रोगराई किंवा चोरी यांपैकी काहीतरी साधारण दहा वर्षांतून एकदा येतं आणि तीस टक्के गुरं नेतं. 70 ची झाली 49. वासरं जन्मून कळप भरून यायला वर्षं लागतात, तोवर कुटुंब तग धरत नाही. त्याच वेळी दुसरीकडे कुणाकडे 80 गुरं असतील तर तो 15 देऊनही 65 वर राहतो. दोन्ही घरं वाचतात.

आता संभाव्यता पाहू. एका कळपावर एका वर्षी संकट येण्याची शक्यता दहात एक. दोन्ही कळपांची संकटं एकमेकांवर अवलंबून नसतील, तर ती एकाच वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. चार कळप असतील तर दहा हजारांत एक. सरासरी नुकसान तेवढंच राहतं, चढउतार मात्र आकसतात: n भागीदारांनी जोखीम समान वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउतारांचं माप) √n पट कमी होतं. पण सगळ्यांची कुरणं एकाच खोऱ्यात असली आणि दुष्काळ सगळ्यांवर एकदम आला, तर हे गणित कोसळतं. संकटांमधला सहसंबंध ρ धरला (संकटं एकमेकांवर अवलंबून नसतील तर 0, नेहमी एकदमच येत असतील तर 1), तर विचलनाचा वर्ग मूळच्या 1/n + (1 − 1/n)ρ पट उरतं. ρ अर्धा असेल तर हजार भागीदार जोडले तरी हा वर्ग निम्म्याखाली जात नाही. म्हणून मित्र किती आहेत यापेक्षा ते किती लांब राहतात हे जास्त महत्त्वाचं. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या जू/होआन्सी लोकांमध्ये ‘ह्खारो’ची भेटवस्तूंची नाती दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत पसरलेली असत. आपल्याकडे अन्न संपलं की माणसं त्या आधाराने तिकडे राहायला जात.

प्रारूपात गरजेनुसार देणारी कुटुंबं एकट्याने जगणाऱ्यांपेक्षा जास्त वर्षं टिकली. 2016 च्या शोधनिबंधात तर ती उधारी वसूल करणाऱ्यांपेक्षाही जास्त टिकली. कारण सरळ आहे. 49 वरून कसंबसं 64 ला पोचलेलं कुटुंब कर्ज फेडायला लागलं की पुन्हा उंबरठ्याखाली जातं. फेडलं नाही तर पुढच्या वेळी कुणी देत नाही.

या सगळ्या यंत्रणेत मागणं ही माहिती आहे. दहा कोसांवरच्या मित्राची गुरं मेली हे तो सांगेल तेव्हाच कळणार. मागण्याची लाज वाटू लागली की ती माहिती थांबते. शिवाय गुरं लपवता येत नाहीत, त्यामुळे खोटी गरज सांगणं अवघड. शहरातल्या सिग्नलवर दोघे अनोळखी असतात, कुणाची गरज किती हे कळायला मार्ग नसतो, आणि म्हणूनच तिथे फसवणुकीची शंका आधी येते.

पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यात एका घरावरचा भार सात घरांत वाटला जाई. पण देणारी घरं देणारीच राहत. मसाईंमध्ये आजचा दाता उद्या मागायला येतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी तेल देणाऱ्यांनीही याचा विचार करावा. शनी सूर्याभोवती आपली सुमारे 29 वर्षांची फेरी मारत राहतो, त्याला तेलाशी कर्तव्य नाही. आणि घेणाऱ्याला तेल हवं होतं की औषध, हे त्या दानात कुणी विचारतच नाही.

ही नाती फक्त गुरांपुरती नाहीत. केनियात 2007 मध्ये ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली. विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की आजारपण, नापिकी असं संकट आल्यावर ही सेवा न वापरणाऱ्या घरांचा दरडोई खर्च सुमारे सात टक्क्यांनी घटला, तर वापरणाऱ्या घरांचा जवळपास घटलाच नाही. त्यांना जास्त पैसे आणि जास्त वेगवेगळ्या लोकांकडून येत होते, म्हणजे वरच्या सूत्रातला n वाढला होता.