बॅकलाइट पट्ट्यांचे दिवे

मोडीत निघालेल्या एलसीडी टीव्हीच्या पडद्याला मागून उजेड देणाऱ्या (बॅकलाइट) एलईडी पट्ट्या काढून त्यांचे दिवे बनविण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील दुरुस्तीच्या दुकानांत पडदा फुटलेला संच ‘पॅनेल गेला’ म्हणून बाजूला पडतो. त्याच्या पट्ट्या मात्र बहुधा शाबूत असतात.

या पट्ट्यांचे मूळ कोठे शोधावे, याची दोन उत्तरे संभवतात. एलईडी बॅकलाइटचा पहिला टीव्ही म्हणून सोनीच्या ‘क्वालिया ००५’चा (२००४) उल्लेख होतो. परंतु त्यात लाल, हिरव्या व निळ्या एलईडी वेगवेगळ्या होत्या. आज भंगारात मिळणाऱ्या पट्ट्यांवर निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रस्फुरकाचा (फॉस्फरचा) थर दिलेली पांढरी एलईडी असते. ती जपानच्या निचिया कंपनीने १९९६ च्या सुमारास बाजारात आणली. त्यामुळे मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. एलईडी येण्याआधीच्या संचांतील बॅकलाइट नळ्यांत पारा असतो. त्या फोडू नयेत.

पट्टीवरील एलईडी एकसर (सिरीजमध्ये, एकीमागून एक) जोडलेल्या असतात. एका एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. एकाच कवचात दोन चिप असल्यास सुमारे ६. मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत पुष्कळदा तीनेक व्होल्टच मिळतात, म्हणून ६ व्होल्टची चांगली एलईडीही मेलेली वाटते. ६ व्होल्टच्या सहा-सहा एलईडींच्या तीन पट्ट्या टीव्हीत एकसर असल्या तर एकूण दाब (व्होल्टता) १०८ व्होल्टपर्यंत जातो. हा दाब जिवावर बेतू शकतो. दिव्यासाठी पट्ट्या सुट्या करून एकच वापरल्यास ३६ व्होल्ट पुरतात. एकदिश (डीसी) दाब ६० व्होल्टच्या आत ठेवावा, हा संकेत येथे पाळणे इष्ट.

पुरवठा स्थिर व्होल्टतेचा असावा की स्थिर प्रवाहाचा, याविषयी कारागिरांत मतभेद आढळतो. बॅटरी आणि रोधक (रेझिस्टर) वापरूनही पट्टी पेटते, हे खरे. पण एलईडी तापली की तिचा दाब उतरतो. पुरवठ्याची व्होल्टता तीच राहिल्याने प्रवाह वाढतो, त्याने ती आणखी तापते. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे मंडल) हे चक्र मुळातच तोडतो. त्याच्यावर, उदाहरणार्थ, ‘३०–४२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर’ असे लिहिलेले असते. पट्टीचा दाब त्या मर्यादेत बसला पाहिजे. टीव्हीतल्या प्रवाहाच्या निम्मा-पाऊण दिल्यास उजेड घटतो, आयुष्य मात्र पुष्कळ वाढते. दोन पट्ट्या एका ड्रायव्हरवर नुसत्या समांतर जोडू नयेत. एक जास्त प्रवाह ओढते.

ड्रायव्हर मुख्य वीजपुरवठ्यापासून विलग (आयसोलेटेड) असणे ही सर्वांत महत्त्वाची अट होय. स्वस्त ड्रायव्हरांत पुष्कळदा अशी विलगता नसते. मग पट्टीच्या प्रत्येक टाक्यावर २३० व्होल्टचा संबंध राहतो, आणि अ‍ॅल्युमिनिअमचा पाया व तांब्याच्या रेषा यांच्यामध्ये केवळ पातळ विद्युतरोधी थर असतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर असा दिवा टांगणे धोक्याचे आहे. धातूची चौकट असल्यास ती भूसंपर्कित (अर्थिंग) करावी. टीव्हीचा मूळ पुरवठा-फलक उघडाच वापरू नये. त्याच्या धारित्रावर (कपॅसिटरवर) ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

पट्टी टीव्हीच्याच पत्र्यावर ठेवल्यास उष्णता निघून जाते. उजेड थंड, निळसर असतो. मूळचा दुधी पत्रा पुढे लावल्यास डोळ्यांना सुसह्य होतो.

उरलेले फलक व पडदे ई-कचऱ्यात मोडतात. त्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले केंद्रीय ई-कचरा नियम महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत.