लोकलच्या खिडकीतून दिसणारा विमानतळ

सांताक्रूझ आणि पार्ल्याच्या मधे विमाने लोकलच्या अगदी डोक्यावरून जातात. तरीही रेल्वेचा डबा मुंबई विमानतळाच्या दारात लागायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

याचे मूळ क्रमात आहे. रूळ आधी आले. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची, पश्चिमेकडची विरार-बॅकबे गाडी १८६७ची. कुलाबा-बोरिवली मार्गावर वीज आली जानेवारी १९२८मध्ये, आणि त्याच वर्षी जुहूला विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल उतरवले ते जुहूलाच. पण ही खाजणाची जमीन. पावसाळ्यात इतका चिखल व्हायचा की टपालाची विमाने पुण्याला हलवावी लागत. युद्धकाळात सांताक्रूझला हवाई दलाचा तळ होता. १९४८मध्ये प्रवासी वाहतूक तिथे गेली. विमानाने जाणारा गाडी बाळगणाराच, असा तो काळ. रुळांचा फाटा टाकावा असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते.

जुहू आणि सांताक्रूझच्या धावपट्ट्या इतक्या जवळ आणि जवळपास एकाच दिशेच्या असल्याचा फटका वैमानिकांनाही बसला. १९५३मध्ये एक कॉमेट जेट विमान आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. डीसी-८ धावपट्टी संपून पुढे खड्ड्यात गेले.

सांताक्रूझची खरी अडचण वेगळी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालत नाही. समांतर तिसरीला जागा नाही: बाजूला वस्ती, आणि मिठी नदी तर धावपट्टीखालूनच वाहते. १९८१मध्ये आंतरराष्ट्रीय टर्मिनल सहारला, म्हणजे लोकलपासून आणखी दूर गेले, आणि बॅगा घेऊन अंधेरीला उतरून रिक्षा शोधणे हा नेमच झाला.

ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या मेट्रो ३ने हा नेम मोडला. टी१ आणि टी२ला (टर्मिनल १ आणि २) वेगवेगळी स्टेशने आहेत, मधे सहार रोड. तिकिटावरचे टर्मिनल बघूनच उतरावे. घाटकोपरहून येणाऱ्याने मेट्रो १ने मरोळ नाक्याला यावे, मेट्रो ३ पकडावी, पुढचेच स्टेशन टी२. मेट्रो १वरच्या ‘एअरपोर्ट रोड’ या नावाला भुलून अनेकजण एक स्टेशन पुढे जाऊन उतरतात. तिथून टी२ला पुन्हा रिक्षाच. स्टेशनांची नावे ठेवणाऱ्यांनी कधी बॅग ओढून पाहावी.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळासाठी मात्र जागा आधी बघितली गेली. उलवे नदी वळवली, सुमारे ९० मीटरची टेकडी कापली, १,१६० हेक्टरवर ३,७०० मीटरची धावपट्टी झाली. दुसरी समांतर आखलेली आहे, छेदणारी नाही. उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये, उड्डाणे २५ डिसेंबरपासून. जवळचे स्टेशन उरण मार्गावरचे तरघर. तिथून टर्मिनलपर्यंत अजून रस्ताच.