डेडहेड : मैफलींच्या नोंदी व ध्वनिफितींची देवाणघेवाण

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांनी, म्हणजे ‘डेडहेड’ मंडळींनी, जोपासलेली परंपरा. बँडच्या जाहीर कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करणे, त्याच्या प्रती एकमेकांना विनामूल्य देणे आणि प्रत्येक कार्यक्रम कसा झाला याविषयी लिहिणे ही तिची तीन अंगे होत. हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे स्थापन झाला. त्याचा अखेरचा कार्यक्रम ९ जुलै १९९५ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर झाला. ९ ऑगस्ट १९९५ रोजी गिटारवादक जेरी गार्सिया यांचे निधन झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस बँड विसर्जित झाला. तीस वर्षांत झालेल्या सुमारे २,३०० कार्यक्रमांपैकी बहुसंख्यांचे कोणते ना कोणते ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे आणि त्याचे बरेचसे श्रेय श्रोत्यांकडे जाते.

या बँडचा गीतक्रम आधी ठरलेला नसे. कोणते गाणे कधी येईल, किती लांबेल आणि कोणत्या गाण्यात मिसळेल हे मंचावरच ठरे. कार्यक्रमाचे सहसा दोन भाग असत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या भागात बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट यांचे तालवाद्यांचे सत्र आणि त्याला जोडून पूर्णतः उत्स्फूर्त वादन असे. लागोपाठच्या दोन रात्री सारख्या नसल्यामुळे काल काय झाले हे विचारण्याला आणि सांगण्याला अर्थ होता. चाहते अंधारातच कागदावर गीतक्रम टिपून घेत. एक गाणे न थांबता दुसऱ्यात गेले, की दोन नावांमध्ये बाणाची खूण करत. या जोडकामाची चर्चा अभिप्रायांत गाण्यांइतकीच, कधी त्यांहूनही अधिक बारकाईने होई.

देवाणघेवाणीचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तो बँडच्या आतच शोधते. ध्वनितंत्रज्ञ आउझली स्टॅन्ली हे १९६६ पासून मिश्रणफलकावरून, म्हणजे मंचावरचे सर्व आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावरून, थेट ध्वनिमुद्रण करत. आपण त्या रात्री कसे वाजवले हे बँडला कार्यक्रमानंतर ऐकता यावे, हा त्यामागचा हेतू होता. ही एक प्रकारची ध्वनिरोजनिशीच होती. १९७० मध्ये ते तुरुंगात गेल्यावर बॉब मॅथ्यूज आणि बेटी कँटर यांनी ही रीत चालू ठेवली. या मतानुसार ऐकून परीक्षण करण्याची सवय मंचावरून खाली आली. दुसरे मत न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना श्रेय देते. १९७० च्या सुमारास तेथील काही श्रोते कोटाखाली यंत्र लपवून सभागृहात नेत. लेस किपल यांनी ध्वनिफिती विकायच्या नाहीत, केवळ बदलायच्या, या तत्त्वावर एक विनिमय मंडळ सुरू केले. त्याचा आरंभ १९७१ ते १९७३ दरम्यानचा धरणे सुरक्षित ठरेल. याच मंडळातून १९७४ मध्ये ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. पुढे ते ‘रेलिक्स’ झाले. बँडने १९७१ च्या दुहेरी अल्बममध्ये चाहत्यांना नाव-पत्ता कळवण्याचे आवाहन छापले होते. त्यातून पत्त्यांची मोठी यादी तयार झाली, मात्र ती कार्यक्रमांच्या सूचना पाठवण्यासाठी होती. ध्वनिफितींशी तिचा थेट संबंध जोडणे योग्य नव्हे. स्टॅन्ली यांच्या फिती दीर्घकाळ बँडच्या ताब्यातच होत्या, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

आरंभी बँडचे कर्मचारी अशी यंत्रे हुडकून काढत आणि प्रसंगी मायक्रोफोनच्या तारा कापत, अशा आठवणी मुद्रित मुलाखतींत आढळतात. हळूहळू काणाडोळा होऊ लागला. आपले वाजवून झाले की ते श्रोत्यांचे, अशी गार्सियांची भूमिका होती. १९८० च्या दशकापर्यंत सभागृहात मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचे रानच उभे राहू लागले. त्यांच्यामुळे मागच्यांना मंच दिसेना आणि ध्वनितंत्रज्ञांनाही अडथळा होऊ लागला. अखेर २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी, म्हणजे ‘टेपर’ मंडळींसाठी, मिश्रणफलकाच्या मागे स्वतंत्र जागा प्रथम राखून ठेवण्यात आली. व्यवस्थापनशास्त्रावरील अलीकडच्या लेखनात हे धोरण दूरदर्शी विपणनाचा नमुना म्हणून गौरवले जाते. घटनाक्रम पाहता मात्र गर्दीची अडचण सोडवणे हेच तात्कालिक कारण दिसते. मोफत फितींमुळे तिकिटांची मागणी वाढली हे खरे, पण तो परिणाम होता.

ध्वनिफितीचा दर्जा दोन गोष्टींवर ठरे : उगम आणि पिढी. मिश्रणफलकावरून घेतलेली फीत स्वच्छ पण काहीशी कोरडी असे. श्रोत्यांतून घेतलेल्या फितीत सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या-आरोळ्या येत. मूळ फितीची पहिली प्रत ती पहिली पिढी, तिची प्रत ती दुसरी. दर पिढीला फितीची खरखर वाढे व तार स्वर बोथट होत. यंत्राच्या गतीत फरक असल्यास गाणे अर्धा स्वर वर किंवा खाली सरके. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे, म्हणून कोणत्या क्षणी फीत उलटायची हे टेपरला वादनाचा अंदाज घेऊन ठरवावे लागे. कॅसेटच्या डबीतील घडीच्या कागदावर तारीख, गाव, सभागृह, दोन्ही भागांतील गाणी, जोडबाण, उगम, पिढी आणि डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी यंत्रणा) वापरले की नाही, एवढे सारे बारीक अक्षरात लिहिलेले असे. कोपऱ्यात एखादा शेरा किंवा दोन तारका असत; कित्येक कार्यक्रमांचे हेच पहिले लेखी परीक्षण. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नसे, तो कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपालमूल्य पाठवी. पैसे घेणे निषिद्ध मानले जाई.

या टिपणांना पुढे ग्रंथरूप आले. १९८४ ते १९९३ या काळात ब्लेअर जॅक्सन आणि रेगन मॅकमहन यांनी ‘द गोल्डन रोड’ हे नियतकालिक चालवले. १९८७ मध्ये निघालेल्या ‘डेडबेस’ या सूचिग्रंथात गीतक्रम एकत्र आले. १९९८ ते २००० मध्ये मायकेल गेट्झ व जॉन ड्वॉर्क यांनी संपादित केलेल्या तीन खंडांत अनेक चाहत्यांनी फितीगणिक लिहिलेली परीक्षणे आहेत. यांपैकी पुष्कळ लेखन प्रत्यक्ष हजेरीवर नव्हे, श्रवणावर आधारलेले आहे. वाचताना हा भेद पाळावा.

तो किती महत्त्वाचा आहे हे कॉर्नेल विद्यापीठातील बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ रोजी झालेल्या कार्यक्रमावरून कळते. चाहत्यांच्या कौलात तो सतत अग्रभागी राहिला आणि त्याचे ध्वनिमुद्रण २०११ साठीच्या निवडीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत दाखल झाले. अधिकृत प्रकाशन मे २०१७ मध्ये झाले. बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले मूळ मुद्रण अतिशय सुस्पष्ट होते. त्यांच्या साठवणखोलीतील फिती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिलावात गेल्या, त्यानंतर उत्तम प्रती सर्वदूर पोहोचल्या. कॉर्नेलची कीर्ती वादनामुळे की फितीच्या दर्जामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्याच रात्री बफलो येथे झालेला कार्यक्रम तितकाच सरस मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. बार्टन हॉलमधील वादन असामान्य आहे यात शंका नाही. मात्र तेच सर्वश्रेष्ठ ठरण्यास प्रतींचा प्रसार कारण झाला, हे मत पटण्याजोगे आहे.

चाहत्याच्या कानाला बँडने अखेर अधिकृत स्थानही दिले. फितींचे नामांकित संग्राहक डिक लॅटव्हाला यांच्याकडे १९८० च्या दशकात बँडचे ध्वनिभांडार सोपवण्यात आले आणि १९९३ पासून त्यांच्या निवडीची ‘डिक्स पिक्स’ ही मालिका निघाली. तिचे ३६ भाग झाले. १९९९ मध्ये लॅटव्हालांचे निधन झाल्यावरही मालिका चालू राहिली. पुढे फिती संगणकावर आल्या आणि पिढ्यांचा प्रश्न संपला. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावरून बँडची ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्यास बंदी झाली, तेव्हा चाहत्यांनी तीव्र निषेध केला. काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. मिश्रणफलकावरील मुद्रणे फक्त ऐकण्यापुरती ठेवण्यात आली. बँडची कागदपत्रे २००८ मध्ये सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला देण्यात आली. चाहत्यांनी रंगवून पाठवलेली तिकिटांच्या मागणीची पाकिटेही त्यात आहेत.

भारताशी, विशेषतः मुंबईशी, या बँडचा संबंध तालवाद्यांतून येतो. मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले. माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन १९७६ च्या दिगा ऱ्हिदम बँडपासून हार्ट यांचे सहकारी होते. १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्येही दोघे एकत्र होते आणि त्याला जागतिक संगीताचे पहिले ग्रॅमी मिळाले. दुसऱ्या भागातील तालसत्रांच्या फिती ऐकताना ही पार्श्वभूमी ठाऊक असावी. पुण्या-मुंबईच्या रसिकांतही खासगी मैफलींच्या फिती हातोहात फिरत. पण तेथे फीत मिळणे बहुधा ओळखीवर अवलंबून असे. डेडहेडांनी अनोळखी माणसालाही ती देण्याचा शिरस्ता पाडला.